चाळणीची खडखड आणि प्लास्टिकचे बुश: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

चाळणीच्या मशीनची खडखड आता बोलणं ऐकू येऊ देत नाही, म्हणून आज शेवटी ते खोललं. रचना साधी आहे. चाळणीची चौकट चार उभ्या हातांवर झुलते. मोटरवरच्या एक्सेंट्रिकपासून (मध्यापासून सरकवून बसवलेल्या चकतीपासून) एक कनेक्टिंग रॉड येतो आणि चौकटीला पुढे-मागे ढकलतो. मिनिटाला ३०० फेरे, एक्सेंट्रिकचा सरक २१ मिमी, म्हणजे पूर्ण स्ट्रोक ४२ मिमी. चौकट आणि माल मिळून २० किलो. झुलत्या हातांची लांबी १५० मिमी, ते उभ्यापासून दोन्ही बाजूंना ८ अंश हलतात. रॉड २०० मिमी लांब, तो ६ अंश.

रॉडच्या मोठ्या टोकाला बॉल बेअरिंग आहे, त्याची तक्रार नाही. लहान टोकाला २० मिमी पिनवर तेल मुरवलेल्या सिंटर्ड (भुकटी दाबून-भाजून केलेल्या) ब्राँझचा बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती नळी. पिन काढून बोअर गेज लावला तर ढिलाई ०.३५ मिमी. नवीन असताना ती ०.०३ होती. बुशमध्ये तेल आणि धूळ यांचा काळा लेप सापडला, बोटाला घासकामाच्या पेस्टसारखा लागणारा. ६ अंशांच्या हालचालीत तेलाचा थर तयार होतच नाही. थर टिकायला पिन सतत एका दिशेला फिरावी लागते, आणि इथे ती सेकंदाला दहा वेळा थांबते. वर धूळ. ब्राँझ झिजलं यात आश्चर्य नाही, इतके दिवस टिकलं यात आहे.

ठरवलं: तेल नको, कोरडा प्लास्टिक बुश घालायचा. ‘कंपन शोषणारं प्लास्टिक’ असं बरंच वाचायला मिळतं. ते नेमकं किती शोषतं, ते स्वतः मोजायचं.

८ जानेवारी

लेथला हात लावण्याआधी हिशेब.

रॉडवरचा जोर मुख्यतः चौकटीच्या जडत्वाचा. ३०० फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला ३१.४ रेडियन, स्ट्रोकच्या टोकाला त्वरण साधारण २०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे २ जीपेक्षा (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण) थोडं जास्त. २० किलोला ४०० न्यूटनच्या आसपास. झुलत्या हातांमुळे गुरुत्वाकर्षण थोडी मदत करतं, ते वजा केलं तर ३८५. बुशची लांबी २० मिमी, तेव्हा दाब धरण्याचं क्षेत्रफळ २० गुणिले २०, म्हणजे ४०० चौरस मिमी. दाब जेमतेम १ मेगापास्कल. घसरण दर फेऱ्याला ४.२ मिमी, सरासरी वेग सेकंदाला ०.०२१ मीटर. दाब आणि वेगाचा गुणाकार इतका किरकोळ आहे की कोणतंही बरं बेअरिंग प्लास्टिक हे काम झोपेत करेल.

म्हणजे प्रश्न भाराचा नाही. जोर दर फेऱ्यात दोनदा दिशा बदलतो, आणि प्रत्येक वेळी पिन बुशमधली मोकळी जागा ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आपटते. खडखड ती हीच.

एक गोष्ट कागदावर मांडल्यावरच लक्षात आली. ठोका स्ट्रोकच्या टोकाला बसत असणार असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. पण टोकाला तर जोर सर्वांत जास्त असतो, पिन भिंतीला घट्ट टेकलेली असते. जोर शून्य होऊन उलटतो तो स्ट्रोकच्या मध्यावर, चौकट सर्वांत वेगात असताना. ठोका तिथेच बसायला हवा.

११ जानेवारी

रॉडच्या लहान टोकाजवळ त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर चिकटवला. सेन्सर ±१६ जी मोजणारा, सेकंदाला ३२०० नमुने. आलेखात २ जीची शांत लाट, आणि बरोबर मध्यावर काटे. हिशेब खरा निघाला.

काटे मात्र फक्त ७ जीचे. कानाला जे ऐकू येतंय त्या मानाने फारच सौम्य. तासभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधली. मग सेन्सरखाली पाहिलं: फोमची दुहेरी टेप! कंपन शोषणाऱ्या वस्तूचा अभ्यास करायला निघालो आणि सेन्सरच गादीवर ठेवला. टेप काढून स्क्रूने थेट बसवला तर काटे १६ जीवर सपाट कापलेले. सेन्सरच अपुरा. जास्त पल्ल्याचा सेन्सर लावल्यावर खरा आकडा मिळाला: २३ जी.

पुढचे सगळे आकडे याच जागी, याच स्क्रूवर घ्यायचे.

१५ जानेवारी

सामग्रीच्या पट्ट्यांची चाचणी. प्रत्येक प्लास्टिकची १० मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी, १०० मिमी बाहेर राहील अशी व्हाइसमध्ये धरायची, टिचकी मारायची, आणि कंपन किती फेऱ्यांत निम्मं होतं ते मोजायचं. पट्टीवर सेन्सर ठेवता येत नाही. ॲसिटल या ताठ बेअरिंग प्लास्टिकची पट्टी सगळी मिळून चार-सव्वाचार ग्रॅमची, सेन्सरच्या वजनाने तिचं वागणंच बदलेल. म्हणून लेझरच्या वाटेत पट्टीचं टोक ठेवून पलीकडे फोटोडायोड.

मोजतोय काय, ते आधी लिहून ठेवतो. प्लास्टिकला ताण दिला की काही ऊर्जा स्प्रिंगसारखी साठते आणि परत मिळते, काही रेणूंच्या लांब साखळ्यांच्या आपसातल्या घासण्यात उष्णता होऊन जाते. साठणाऱ्या भागाचा स्टोरेज मॉड्युलस, जाणाऱ्या भागाचा लॉस मॉड्युलस. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की लॉस फॅक्टर, म्हणजेच टॅन डेल्टा. पाठ्यपुस्तकात याला अवमंदन म्हणतात, वर्कशॉपमध्ये डॅम्पिंग. कंपन निम्मं व्हायला लागणारे फेरे मोजले की ०.२२ ला त्या संख्येने भागायचं, लॉस फॅक्टर आला. डॅम्पिंग कमी असताना हा सोपा हिशेब पुरेसा बरोबर येतो.

आजचे निकाल. ॲसिटल: ६८ हर्ट्झच्या आसपास, ११ फेऱ्यांत निम्मं, लॉस फॅक्टर ०.०२. कोरडं नायलॉन ६६: ७८ हर्ट्झ, १३ फेरे. अति-उच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन: ४३ हर्ट्झ, पावणेचार फेरे, लॉस फॅक्टर ०.०६. गंमत म्हणून पोलादी पट्टी लावली: दीडशे फेरे मोजून कंटाळलो, तरी निम्मं नाही. पोलादाच्या बाबतीत जे थोडं कमी होतं तेही बहुधा व्हाइसच्या पकडीत जात असणार.

पीईईके या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची पट्टी मागवलीच नाही. त्याचा काच-संक्रमण तापमानबिंदू (ज्याच्या खाली प्लास्टिक काचेसारखं ताठ असतं) १४३ अंश. खोलीच्या तापमानाला ते पूर्ण ताठ अवस्थेत असतं, डॅम्पिंगसाठी ते घेणं म्हणजे उशीला दगड. काचतंतू भरलेले प्रकारही बाद: तंतूंनी ताठपणा वाढतो, लॉस फॅक्टर घटतो, आणि तंतूंची टोकं पिनवर रेघोट्या मारतात.

२४ जानेवारी

नायलॉनची पट्टी ९ दिवस ७० अंशांच्या पाण्यात ठेवली होती. साध्या तापमानाच्या पाण्यात ३ मिमी जाडीच्या गाभ्यापर्यंत ओल पोहोचायला महिनोन् महिने लागतात, म्हणून गरम पाणी. रोज पुसून वजन केलं. आज वजन ६.८ टक्के वाढलेलं. नायलॉन ६६ पूर्ण तृप्त झालं की साडेआठ टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे अजून थोडं बाकी आहे.

हीच पट्टी, हाच व्हाइस, आणि कंपन अडीच-तीन फेऱ्यांत निम्मं! लॉस फॅक्टर ०.०८ च्या आसपास, कोरड्याच्या चौपट-पाचपट. वारंवारता ७८ वरून ४५ वर आली, म्हणजे ताठपणा तिसऱ्या हिश्श्यावर.

कारण समजण्यासारखं आहे. नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाण्याचे रेणू मध्ये घुसून ती पकड सैल करतात. कोरड्या नायलॉनचं काच-संक्रमण साधारण ५० ते ७० अंशांना होतं, ओल आत शिरते तसं ते खाली सरकत खोलीच्या तापमानापर्यंत आणि त्याहीखाली येतं. लॉस फॅक्टरचं शिखर नेमकं त्या संक्रमणाच्या जागी असतं. डोंगर आपल्याकडे चालत आला, आपण जागचे हललो नाही.

यातून डेटाशीटकडे पाहायची नजर बदलली. तिथला टॅन डेल्टा बहुधा २३ अंशांना, १ हर्ट्झला, ठरावीक ओलीला मोजलेला असतो. माझा ठोका हजार हर्ट्झच्या आसपासचा. वारंवारता वाढली की तेच शिखर जास्त तापमानाकडे सरकतं. तापमान, ओल आणि वारंवारता लिहिलेली नसेल तर डॅम्पिंगचा नुसता आकडा सांगून काही उपयोग नाही.

उत्साहाच्या भरात कोरड्या नायलॉनचा एक बुशही वळवला, स्टेनलेसच्या चाचणी ठोकळ्यात प्रेस केला, ०.१२ मिमी ढिलाई ठेवली आणि त्याच पाण्यात सोडला.

२७ जानेवारी

ॲसिटलचे बुश वळवले. भिंत २ मिमी, बाहेरचा व्यास २४.१२, आतला २०.२२. हाऊसिंग, म्हणजे बुश बसतो ते भोक, २४ एच७ (२४ मिमी, बारीक ठरलेल्या फरकाच्या आत). बाहेरून जितकं दाबून बसवू जवळजवळ तितकंच बोअर आकसतं, म्हणून बसल्यावर २०.१० मिळायला हवं.

संध्याकाळी लेथवर सगळी मापं बरोबर. सकाळी प्रेसखाली बुश असा सरकला की प्रेसची गरजच नव्हती, अंगठ्याने बाहेर आला. पुन्हा मापलं तर बाहेरचा व्यास २४.०८. लेथवर मापताना बुश गरम होता. ॲसिटल अंशाला, मीटरला ११० मायक्रॉन प्रसरण पावतं, पोलादाच्या जवळजवळ नऊपट. २४ मिमीला १५ अंशांचा फरक म्हणजे ४० मायक्रॉन. गमतीचा भाग असा की आतलं मापही तितकंच आकसलं होतं आणि दाब कमी झाल्याने बोअर कमी मिटलं, त्यामुळे बसल्यावरचं बोअर बरोबर आलं. पकड तेवढी गेली. बोअरच मापून समाधान मानलं असतं तर हा बुश आठवड्यात हाऊसिंगमध्ये फिरू लागला असता.

लेथवरचे काका म्हणाले, “उद्या मापा. आत्ता काय ते खरं बोलणार नाही.” तसंच केलं. नवा लॉट हवेच्या झोताखाली वळवला, रात्रभर ठेवला, मग मापून प्रेस केला, आणि बोअर प्रेस केल्यानंतर एकाच धारेच्या हत्याराने शेवटचं घेतलं. रिमर वापरला नाही. प्लास्टिक रिमरखाली दबतं आणि तो बाहेर आला की परत फुगतं.

पिन कडक केलेली, घासून ०.३ मायक्रॉन आरएच्या (सरासरी खरबरीतपणाच्या) आसपास. आरशासारखी गुळगुळीत पिन घेतली नाही. फार गुळगुळीत पृष्ठाला प्लास्टिक चिकटून घर्षण वाढतं, फार खरबरीत असेल तर कानशीसारखं खातं.

३१ जानेवारी

तुलनेचा दिवस. एकाच रॉडवर एकामागून एक बुश, प्रत्येकी अर्धा तास चालवून मग नोंद. मुद्दाम एक ॲसिटल बुश जास्त ढिला, ०.३५ चा केला होता, म्हणजे झिजलेल्या ब्राँझशी सरळ तुलना होईल.

झिजलेलं ब्राँझ, ढिलाई ०.३५: २३ जी. ॲसिटल, ढिलाई ०.३५: १३ जी. ॲसिटल, ढिलाई ०.१०: ५ जी. आणि नवं कोरं ब्राँझ, ढिलाई ०.०३: ६ जी.

शेवटचा आकडा पाहून चहा गार झाला. ज्याला आपण ‘कंपन न शोषणारा धातू’ म्हणून काढून टाकतोय, तो नवा असताना ढिल्या प्लास्टिकच्या निम्म्याहून कमी आवाज करतो. अर्थात ब्राँझचे ते ०.०३ धुळीत किती दिवस टिकतात ते आपण पाहिलंच आहे. प्लास्टिकला पहिल्या दिवसापासून ०.१० द्यावेच लागतात, कारण तापमान आणि ओलीने भिंत फुगते आणि बाहेर हाऊसिंग असल्याने तिला आतच यावं लागतं.

२ फेब्रुवारी

रविवार, पण डोक्यातून जात नव्हतं म्हणून हिशेब केला.

जोर उलटतो त्या क्षणी पिन आणि बुश यांच्यातलं सापेक्ष त्वरण शून्य असतं आणि तिथून सरळ रेषेत वाढतं. वाढीचा दर म्हणजे सरक गुणिले कोनीय वेगाचा घन, इथे साधारण ६५० मीटर प्रति सेकंद घन. तेव्हा मोकळी जागा ओलांडायला लागणारा वेळ ढिलाईच्या घनमूळाच्या प्रमाणात, आपटण्याचा वेग ढिलाईच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात, आणि आपटण्याची ऊर्जा चार-तृतीयांश घाताच्या. आकडे घातले: ०.३५ ला वेग सेकंदाला ७१ मिमी, ऊर्जा ०.०५ जूल. ०.१० ला ३१ मिमी, ऊर्जा ०.००९५. ०.०३ ला १४ मिमी, ऊर्जा ०.००१९. ढिलाई साडेतीनपट वाढली की ठोक्याची ऊर्जा सव्वापाचपट. सामग्री अजून चित्रात आलेलीही नाही.

आता सामग्री. ॲसिटलची २ मिमी भिंत १ मेगापास्कलखाली किती दबते? ताठपणा २.८ गिगापास्कल. नुसता भागाकार केला तर ०.७ मायक्रॉन. पिन पूर्ण अर्ध्या गोलावर टेकत नाही, थोड्याच कमानीवर टेकते, म्हणून २ मायक्रॉन धरू. माणसाच्या केसाच्या जाडीचा पंचविसावा हिस्साही नाही. एवढ्या हालचालीत शोषणार काय? दर फेऱ्याला होणारा ऊर्जेचा ऱ्हास म्हणजे पाय (π) गुणिले लॉस फॅक्टर गुणिले जोर गुणिले भिंतीचं दबणं: एक जूलचा वीस-हजारावा हिस्सा. लॉस फॅक्टर पाचपट केला तरी तो चार-हजारावा होतो. ठोका याच्या कितीतरी पुढचा.

मग ॲसिटलने ०.३५ ला २३ चे १३ जी केले ते कशाने? शोषून नव्हे, मऊपणाने. ठोक्याचा सर्वोच्च जोर ताठपणाच्या वर्गमूळाप्रमाणे जातो. ब्राँझपेक्षा ॲसिटल तीसेकपट मऊ, पण मध्ये रॉड आणि चौकटीचा लवचिकपणाही आहेच, म्हणून प्रत्यक्ष फायदा दुप्पट-पावणेदोनपटीवर थांबला. आपटण्याचा काळ लांबला, कानाला टोचणारी वरची वारंवारता गेली. प्लास्टिकच्या पातळ बुशला आपण ‘कंपन शोषतो’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हे घडत असतं.

खरोखर शोषायचं असेल तर हलायला जागा हवी. मायक्रॉनची नव्हे, दशांश मिलिमीटरची. आणि ती घासणाऱ्या पृष्ठात देता येत नाही. तिथे मऊ सामग्री घातली की ती भाराखाली सरकत जाते, झिजते, माप धरत नाही.

५ फेब्रुवारी

नायलॉनचा बुश पाण्यातून काढला. पिन अर्ध्यावर जाऊन अडकली. लाकडी हातोडीने ठोकली तर पूर्ण गेली आणि तिथेच राहिली, ना पुढे ना मागे. ०.१२ ची सगळी ढिलाई पाण्याने खाल्ली. हिशेब जमतो: तृप्त नायलॉन लांबीत दोन-सव्वादोन टक्के फुगतं, बाहेरून ठोकळ्याने अडवलेलं, मग २ मिमीची भिंत प्रत्येक बाजूला ०.०६ आत आली. सर्वांत चांगलं डॅम्पिंग असलेला बुश आणि पिन हलतच नाही. ठोकळा तसाच ड्रॉवरमध्ये टाकला.

१० फेब्रुवारी

काम वाटून दिलं. घासण्याचं काम ॲसिटलच्या बुशला, पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेल्या प्रकारात. मऊपणाचं काम त्याच्या बाहेर. बुश २८ मिमी बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या कड्यात प्रेस केला, रॉडचं टोक मोठं बोअर केलं, आणि कडं व रॉड यांच्यामध्ये आधी नायट्राइल रबराचे दोन ओ-रिंग घातले.

पहिला तास सुरेख. दुसऱ्या तासाला एक ओ-रिंग खाचेतून पिळवटून बाहेर आला. रॉड ६ अंश झुलतो आणि ते वळण पिनऐवजी ओ-रिंगने घ्यायचा प्रयत्न केला असावा, कारण ओ-रिंग खाचेत लोळू शकतो. कल्पना बरोबर, आकार चूक.

१८ फेब्रुवारी

ओ-रिंगच्या जागी पॉलियुरेथेनची ३ मिमी जाड नळी, आत-बाहेर दोन्हीकडे चिकटवलेली, म्हणजे लोळण्याचा प्रश्न नाही. इथर प्रकारचं पॉलियुरेथेन घेतलं. एस्टर प्रकार दमट जागी पाण्याने तुटत जातो. शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ९० ची नळी लावून पाहिली तर फारच ताठ, मग ८० ची. टोकाला ४० किलो टांगून डायल गेजने मोजलं: ०.२ मिमी. म्हणजे मिलिमीटरला २ किलोन्यूटन, ॲसिटलच्या भिंतीच्या जवळजवळ शंभरपट मऊ.

भीती दोन होत्या. एक, अनुनादाची: २० किलो आणि हा ताठपणा मिळून ५० हर्ट्झ येतात. मशीन ५ हर्ट्झवर चालतं, दहापट खाली, त्यामुळे स्ट्रोकमध्ये टक्काभरच फरक. दोन, उष्णतेची: पॉलियुरेथेनचा लॉस फॅक्टर ०.१५ धरला तर दर फेऱ्याला ०.०४ जूलच्या आत, म्हणजे ०.२ वॉट. घर्षणाची उष्णता याच्या चौपट निघते. रबर जळण्याची काळजी मी उगाच दोन रात्री केली.

चालवलं. ॲसिटल, ढिलाई ०.१०, पॉलियुरेथेनवर: २.६ जी. यातले २.१ तर चौकटीच्या साध्या पुढे-मागे होण्याचेच आहेत. आलेखात मध्यावर काट्याऐवजी ५० हर्ट्झच्या आसपासची छोटी लहर दिसते, दोन फेऱ्यांत निम्मी होते. हे शोषण.

२० फेब्रुवारी

रॉड शांत झाला तर दुसराच आवाज वर आला: कुरकुर. झुलत्या हातांच्या पिनांवर. तिथेही मी हौसेने ॲसिटल घातलं होतं, आणि पिन तिथली जुनी, चकचकीत स्टेनलेस. रॉडच्या पिनवर जोर आणि वेग एकाच वेळी शून्य होतात, पण हातांवर वजन कायम असतं आणि स्ट्रोकच्या टोकाला वेग शून्य होतो. तिथे पिन चिकटते, मग सुटते. स्थिर घर्षण आणि घसरतं घर्षण यांत जितका फरक जास्त तितकी कुरकुर जास्त. हाही कंपनाचाच प्रकार, फक्त याला डॅम्पिंगचं औषध नाही, घर्षणाचं आहे.

हातांवर भार नगण्य, प्रत्येकी ५० न्यूटनच्या आत. तिथे अति-उच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन चालेल. वळवताना केसांसारखे धागे निघतात आणि कडा साफ येत नाहीत, पण घासायला लोण्यासारखं. प्रसरण ॲसिटलच्या दीडपट, म्हणून ढिलाईही जास्त दिली. भार कमी आणि दिशा न बदलणारा, म्हणून ठोक्याची भीती नाही. कुरकुर गेली.

१२ मार्च

पॉलिइथिलीनचे दोन बुश हाऊसिंगमध्ये फिरताना सापडले. प्रेस फिटचा ताण त्या सामग्रीत टिकत नाही, हळूहळू सैलावतो. प्रत्येकाला कॉलर आणि बाजूने एक आडवी पिन दिली. हे आधीच करायला हवं होतं.

२६ मार्च

१२० तास झाले. रॉडच्या बुशमध्ये घसरणीचं अंतर साधारण ९ किलोमीटर. ढिलाई ०.१० ची ०.११५ झाली. पिनवर राखाडी, मंद चमकणारा थर बसलाय, तो पुसायचा नाही. पीटीएफईचा तोच थर आता पुढचं घर्षण कमी ठेवतो. बुशजवळ तापमान खोलीपेक्षा ९ अंशांनी जास्त. सेन्सर: २.७ जी. पॉलियुरेथेनवर भेगा नाहीत. ४० किलो टांगून पुन्हा मोजलं, अजून ०.२ च.

पट्ट्या आवरताना ड्रॉवरमधला नायलॉनचा ठोकळा हाताला लागला. उचलला तर पिन आपणहून घसरून बाहेर पडली. सात आठवड्यांत पाणी उडून गेलेलं. ठोकळा उलटा केला, तर मागोमाग बुशही. फुगताना बाहेरून अडवल्यामुळे तो आतल्या आत दबून सैलावला होता, आणि वाळल्यावर बाहेरचा व्यास २३.९६.

नायलॉनचा उरलेला दांडा रॅकच्या मागच्या खणात ठेवला.